लेखी विचारलं असतं तर...

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय आणि विषय जरा रागाचाच आहे. माझी मावसबहीण मुलुंडला राहते. गेल्या महिन्यात अंधेरीच्या एका कंपनीत (नाव नको) तिचा इंटरव्ह्यू झाला. सगळं छान झालं आणि शेवटी प्रश्न आला, "लग्नाला दोन वर्षं झाली ना? मग गुड न्यूज कधी?" तेही हसत हसत! तिला तिसरा महिना लागलाय. तिने खरं सांगितलं. "कळवतो" म्हणाले. कळवलं काहीच नाही.

"असं विचारतातच गं," इति मावशी.

विचारतात खरंच. एलआयसी तर चक्क छापील फॉर्मात विचारायची: पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, बाळंतपणं किती झाली. दिल्लीच्या नीरा माथुर यांनी 1989मध्ये तो फॉर्म भरला, नोकरीला लागल्या, जानेवारी 1990मध्ये बाळंत झाल्या आणि फेब्रुवारीत, प्रोबेशनवर असतानाच, त्यांना काढलं. कारण काय, तर फॉर्मात खोटी माहिती दिली! त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. 1991मध्ये कोर्टाने नोकरी परत दिली आणि ते रकानेच काढायला लावले.

मला यातला फॉर्म महत्त्वाचा वाटतो. एअर इंडियाचा पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम 1981मध्ये रद्द झाला, तोही छापील होता. तीन महिन्यांवरच्या गरोदर उमेदवारांना 'तात्पुरत्या अपात्र' ठरवणारं स्टेट बँकेचं परिपत्रकही जानेवारी 2022मध्ये ओरड झाल्यावर मागे घेतलं गेलं. हसत विचारलेल्या प्रश्नाचा कागद कुठून आणायचा?

मातृत्व लाभाचा 1961चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. पण तो सांभाळतो नोकरीतल्या बाईला. 80 दिवस काम झालेलं लागतं. शिवाय ईएसआय नसेल तर 26 आठवड्यांचा पगार मालकाच्या खिशातून, म्हणून तो दारातच हिशेब करतो. वेतन संहिता भरतीत लिंगभेद करू नका म्हणते, पण सिद्ध करायचं कोणी? हिनेच.

मी तिला म्हटलं, एचआरला साधा मेल टाक. भांडण नको. अमुक तारखेला हे विचारलं, मी हे सांगितलं, निर्णय कळवा. आणि पुढे जायचंच झालं, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे मावशीलाही माहीत नव्हतं.