चॅटमचा दोर, मुंबईचं जहाज

चॅटम, ६ नोव्हेंबर

ती. दादास,

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं ते आधी कळव. लंडन पाहून झालं, फोटो मिळालेच असतील. इथे थंडी अशी आहे की बोटं वळत नाहीत. चहा सव्वातीन पौंडांना, तोही कोमट. बांधून आणलेल्या थालीपिठांवर दिवस काढला.

आज जुन्या गोदीतला दोरांचा कारखाना पाहिला. इथे १६१८ पासून दोर वळतात, अजूनही वळतात. दोरघर ३४६ मीटर लांब, या टोकाचा माणूस त्या टोकाहून ओळखू येत नाही. नांगराचा दोर अखंड सुमारे २२० मीटर लागायचा आणि पिळताना लांबी तिसऱ्या हिश्श्याने घटते, म्हणून एवढी जागा. सूत एका दिशेला पिळायचं, सुताचे पेड उलट्या दिशेला आणि तीन पेडांचा दोर पुन्हा उलट. एक पीळ दुसऱ्याला सुटू देत नाही. पेड पिळणारं यंत्र १८११ चं आहे आणि आजही चालतं! आरमाराच्या दोरात ओळखीचा एक वेगळा धागा घालत, चोरीचा माल पकडता यावा म्हणून. आरमारी सेनानी नेल्सनची 'व्हिक्टरी' नौका याच गोदीत बांधली, १७६५ साली पाण्यात उतरली. तिच्या डोलकाठ्या-शिडांना चाळीसेक किलोमीटर दोर लागतो.

बस आली, थांबते.

हार्टलपूल, ९ नोव्हेंबर

गाडीतल्या तपासनिसाने तिकीट हातातून ओढून घेतलं, आणि सबंध डब्यासमोर मोठ्याने बोलला. संध्याकाळपर्यंत राग गेला नव्हता. वारा तर कानात सुया टोचतो.

पण 'त्रिंकोमाली' पाहिली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली, मलबारी सागाची. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. ब्रिटनमध्ये अजून पाण्यावर तरंगत असलेली ही सर्वांत जुनी युद्धनौका.

मी तासभर नुसती दोर बघत होते. काळे, डांबर दिलेले दोर जागचे हलत नाहीत. ते डोलकाठी सावरतात. बाकीचे हलते. काही दोर आडवी काठी वर चढवतात, काही तिला वाऱ्याकडे फिरवतात. शिडाची खालची टोकं ताणायला वेगळे, शीड गोळा करायला वेगळे. प्रत्येकाची खुंटी ठरलेली. वादळात, काळोखात खलाशाला आपला दोर हातानेच सापडला पाहिजे, नाहीतर शीड फाटतं, माणूस जातो. आपले अण्णा मचव्यावर रात्री असेच दोर ओळखायचे. त्यांचे मोजकेच होते, इथे शेकडो. अण्णांना हे दाखवायला हवं होतं, दादा. फार आठवण आली.

नेल्सनचं नाव सगळ्यांना पाठ. मुंबईच्या सुतारांनी घडवलेलं जहाज दोनशे वर्षांनंतरही तरंगतंय, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, हे मला मुळीच पटत नाही. पत्र आपल्या बंड्याला मोठ्याने वाचून दाखव. वाडियांचं नाव त्याच्या शाळेच्या पुस्तकात नसेल, तर वहीत लिहून घ्यायला सांग.

तुझी,
कुंदा