नाकावरची लिपस्टिक

समजा, तुमच्यासमोर एक बाई बसलीय. नाकावर लिपस्टिकचा हा एवढा लालभडक डाग! आणि ती विचारतेय, ‘फोटो काढायचाय, मी बरी दिसतेय ना?’ तुम्ही काय सांगाल? ती बॉस असेल, तर प्रश्नच मिटला म्हणा.

व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या कॅनडातल्या संशोधकांचा हा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. समोर होती तीन ते सात वर्षांची पोरं. बहुतेकांनी बिनधास्त सांगितलं, ‘हो, छान!’ नंतर दुसऱ्या माणसाजवळ मात्र खरं काय ते ओकून मोकळी! २००७ च्या प्रयोगात तर पोरांना चक्क साबणाची वडी गिफ्ट दिली. आवडली का? हो, आवडली! आईबाबांनी आधी जरा पढवून ठेवलं, तर खोटं बोलणारी पोरं आणखी वाढली.

आपल्याकडे एवढा खटाटोप लागत नाही. एक बर्थडे पार्टी पुरे. माझ्या भाच्याच्या पाचव्या वाढदिवसाला नाशिकच्या आत्याआजीने स्वतः विणलेला लोकरीचा स्वेटर आणला. मुंबईत, मे महिन्यात! ‘टोचतोय,’ पठ्ठ्या सगळ्यांदेखत म्हणाला. ताईने असे काही डोळे वटारले की बस्स. यंदा सहाव्या वाढदिवसाला पुन्हा स्वेटर, यावेळी हिरवा. त्याने आधी ताईकडे पाहिलं, मग आजीकडे. ‘खूप छान आहे, आजी!’ आजी एकदम खूश. ‘शहाणा झाला हो,’ ताई म्हणाली, आणि मलाही ते पटलं. समोरच्याच्या मनात काय चाललंय, आपल्या एका शब्दाने तिला काय वाटेल, हे ओळखायचं, आणि वर चेहराही सांभाळायचा! अप्रेझलच्या मीटिंगमध्ये भल्याभल्यांना हे जमत नाही.

पण ही विद्या फक्त पाहुण्यांपुरती राहत नाही ना!

गेल्या महिन्यात ताईच्या प्रोजेक्टचा रिलीज होता. आठवडाभर घरी यायला रोज साडेनऊ-दहा. एका संध्याकाळी मी त्याच्यासोबत होते. आठ वाजल्यापासून लिफ्टचा आवाज आला की हा दाराशी. ‘आता आई असेल?’ चारदा विचारून झालं. जेवतानाही पोळीचा घास हातात तसाच, कान बाहेर.

ताई आली. पर्स टाकली, सँडलसुद्धा न काढता त्याला जवळ घेतलं. ‘कंटाळलास का रे माझ्याशिवाय?’

‘नाही. खूप मज्जा आली.’

अगदी तोच स्वेटरवाला आवाज.

ताईचा चेहरा केवढा सैल झाला! ‘बघ, झाली की नाही सवय त्याला?’ ती मला म्हणाली. तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडेच टक लावून बघत होता.

‘हो गं,’ मी म्हटलं, ‘मस्त खेळलो आम्ही.’