वीतभर उजवीकडं

कातळाला हात लावला की आधी कळतं ते ऊन. मावळतीकडे तोंड केलेला कडा दिवेलागणीलाही कोमट असतो. उत्तरेकडचा फाल्गुनातसुद्धा गार. मग कळतो पोत. घट्ट काळा बसाल्ट गुळगुळीत लागतो, पण त्याच्या कडा धारदार असतात, त्या धरवतात. त्याच्या वरचा थर मात्र भोकाभोकांचा. लाव्हा निवताना आत कोंडलेल्या वायूचे बुडबुडे तसेच राहून गेले, त्या या पोकळ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बुडबुड्यात माझी करंगळी जाते. हा थर बोटं सोलतो आणि त्याचा भरवसाही नाही. म्हणून धरण्याआधी तळव्यानं ठोकून बघायचं. खणखणीत वाजला तर आपला. भद्द वाजला तर हात काढून घ्यायचा.

मी भूगोलाची बाई. उंब्रजच्या आसपासच्या किती पिढ्यांनी माझ्याकडून दक्खनच्या पठाराचे थर वहीत काढून घेतले. कृष्णा आणि तारळीच्या संगमाचा नकाशा मी फळ्यावर एका दमात काढायची. आता फळा दिसत नाही. थर मात्र हाताखाली आहेत.

डोळ्यांचं सांगायचं तर ते अगदी हळूहळू झालं. आधी रात्र गेली. लाईट गेल्यावर घरातली सगळी चाचपडत का होईना फिरायची, मी जागची हलायची नाही. डोळ्याच्या पडद्यात अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, त्या आधी मरतात. मग कडेचं दिसणं आक्रसत जातं. रेटिनायटिस पिगमेंटोसा. डॉक्टरांनी निदान सांगण्याआधी एकच प्रश्न विचारला होता : "आई-वडील नात्यातले का?" आमच्या मुलखात हे काय विचारणं झालं! मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असं इथं सहज बोललं जातं. माझी आई तिच्या आतेभावाच्याच घरात नांदायला आली. दोघांच्याही अंगात लपून असलेलं एकच वैगुण्य माझ्यात येऊन भेटलं. त्याचा राग मी कुणावर काढायचा? पुढं काही वर्षांत समोर बांगडीएवढं जग उरलं, आणि आता त्या बांगडीतही धुकं आहे. भर उन्हात ठळक रंग तेवढा कळतो.

भाचा कराडला शिकायला होता, तिथं कड्यांच्या नादी लागला. आठवड्याला हाताची सालं काढून घरी यायचा. मी ती सालं चाचपून खडकाचा थर ओळखायची, हा आमचा खेळ. एकदा म्हणाला, "आत्या, दोर बांधतो वरनं. येतीस का?" माझ्या भावानं त्याला शिव्या घातल्या. वहिनी म्हणाली, या वयात हातपाय मोडून घेतल्यावर कोण करणार? प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र दोरातच होतं. वर पक्क्या अँकरमधून दोर खाली येतो. एक टोक माझ्या कमरेच्या हार्नेसला, दुसरं खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, हातात. हात सुटला तर माणूस फूटभर खाली येऊन लोंबकळतो. त्यापेक्षा आमच्या हायवेचा सर्व्हिस रोड ओलांडणं जास्त धोक्याचं, हे मी वहिनीला पटवून दिलं.

वसंतगड आमच्याहून फार लांब नाही. तळबीडकडून, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या गावातून वाट चढते. माथ्यावर चंद्रसेनाचं देऊळ आहे. गडाच्या तटाला आम्ही हात लावत नाही. त्या डोंगररांगेत कातळ काय कमी आहे? तिथल्या एका बुटक्या कड्याशी आमची शाळा भरली. खाली तो, वर मी. शिकवणारा कोण, हे त्या दिवसापुरतं बदललेलं.

सुरुवातीला तो इंटरनेटवर वाचलेलं बोलायचा. जगभर अंध चढाईपटूंना घड्याळावरून दिशा सांगतात : उजवा हात दोन वाजता, डावा पाय सात वाजता. पद्धत चांगली आहे. पण "दोन वाजता" म्हटलं की माझ्या डोक्यात मधल्या सुट्टीनंतरचा तास वाजायचा. शेवटी तो घरातलं बोलायला लागला. "उजवीकडं. वरल्या अंगाला. वीतभर. खाच हाय, तिरकी." आणि लगेच भांडण. वीत कुणाची? तो सहा फुटी, मी आमच्या आईच्या उंचीची. त्याच्या वितीनं शोधलं की माझी बोटं रिकाम्या कातळावर. मग ठरलं, वीत माझी धरायची. आता तो खालून माझ्या मापानं बघतो : टिचभर, चार बोटं, वीत, हात.

जपानमध्ये कोइचिरो कोबायाशी नावाचा चढाईपटू आहे. आजार माझाच, निदान अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यानं 2005 साली 'मंकी मॅजिक' ही संस्था काढली आणि अंधांच्या गटात पुढं अनेकदा जगज्जेता झाला. त्याच्याकडे खालच्या माणसानं तीन गोष्टी सांगायच्या असतात : दिशा, अंतर, आकार. "शाब्बास", "घाबरू नका", "आता थोडंच राहिलं" यातलं काहीही बोटांना धरता येत नाही. घरोघरी अंध माणसाशी बोलणाऱ्यांना हे कुणीतरी शिकवायला हवं. रस्त्यात दंड धरून ओढत नेणारे पुष्कळ भेटतात; "तीन पायऱ्या आहेत, खाली" एवढं सांगणारा क्वचित.

कातळावर डोळ्यांची खरी गरज पायांना असते, हे मला तिथंच कळलं. हात शोधत जातात, त्यांना सवय आहे. पाऊल बुटात कोंडलेलं. त्याला बोटाएवढी कंगोऱ्याची जागा सापडायची कशी? तर हाताची जागा लक्षात ठेवायची, कारण दोन-तीन हालचालींनंतर तीच पायाखाली येते. मघाची खाच गुडघ्याला घासून जाते तेव्हा तिची ओळख पटते. चढणं म्हणजे निम्मं पाठांतर. पाढे पाठ करवून घेणाऱ्या पिढीतली असल्याचा असा फायदा होईल असं वाटलं नव्हतं.

आणि वेळ. डोळस माणूस वर बघतो, जागा हेरतो, हात टाकतो. मला जागा चाचपून काढायची, म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्या हातावर लटकायचं. दंड आवळून लटकलं तर मिनिटात बोटं उघडतात. भाच्याचं खालून पालुपद, "आत्या, कोपर सरळ!" कोपर सरळ ठेवलं की वजन हाडांवर जातं, स्नायू विसावतात. मग तिथं निवांत उभं राहून शोधता येतं. लोक जिला माझी जिद्द म्हणतात ती मी तपासून पाहिली आहे. तिच्यातला मोठा भाग सरळ कोपराचा आहे. दात-ओठ खाऊन चढलेली मी दर वेळी मध्येच सुटले आहे.

वारा सुटला की खालचा आवाज जातो. लांब हायवेवरच्या ट्रकांची घरघर मात्र येत राहते. अशा वेळी चढायचं नाही, थांबायचं. दोर किंचित ताणला की समजायचं, खाली माणूस आहे. एकदा वरच्या कपारीतून गुणगुण ऐकू आली आणि आम्ही दोघंही न बोलता उतरलो. आग्या मोहोळ माझ्या आधी त्याला दिसलं नव्हतं.

जगात मोठमोठं करून दाखवलेली अंध माणसं आहेत. एरिक वाईहेनमायर 25 मे 2001 रोजी एव्हरेस्टवर पोचला. तिथं पोचलेला तो पहिला अंध. आपल्या किन्नौरची छोंझिन आंग्मो 2025 च्या मे महिन्यात पोचली. मला मात्र जास्त अप्रूप वाटतं इंग्लंडच्या जेसी डफ्टनचं. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' नावाचा 137 मीटर उंच सुळका उभा आहे. 2019 मध्ये तो डफ्टननं लीड करत चढला. लीड म्हणजे वरून दोर नाही. खडकाच्या भेगेत आपणच आधार बसवायचा, त्यात दोर अडकवायचा आणि त्याच्या वर जायचं. हात सुटला तर शेवटच्या आधारापर्यंत आणि तेवढंच त्याच्याखाली पडायचं. भेगेत आधार नीट बसला की नाही हे तो बोटांनी जोखतो. त्याची बायको मॉली हेडसेटवरून सांगते आणि त्याच्या मागून चढते. त्या दोघांचं बोलणं ऐकायला मिळावं असं फार वाटतं. डोळ्यांच्या दुखण्यापायी नवऱ्या-बायकोत इतकं नेमकं बोलणं होत असलेली घरं मी फारशी पाहिलेली नाहीत.

इतकं लांब जायलाही नको. आमच्या उंब्रजच्या मठातला मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. मल्लखांबाची विद्या बाळंभट्टदादा देवधरांना मारुतीनंच स्वप्नात दिली असं सांगतात. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांड्यांनी ती कमला मेहता अंधशाळेतल्या मुलींना शिकवली. ही शाळा 1900 साली ॲना मिलार्ड यांनी सुरू केलेली. एरंडेल लावलेला गुळगुळीत खांब; त्यावर ना खाच ना कपार. पकड सगळी मांड्यांची, काखेची, पोटऱ्यांची. तिथं डोळे लागतातच कशाला? मुंबईत नयन फाउंडेशनची दृष्टिहीन मुलं दहीहंडीला थर लावतात. वरच्यानं खालच्याचा खांदा पायानं ओळखायचा. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेल्यावर एकटे पॅराग्लायडिंग करू लागले, आणि त्यांची संस्था अपंग आणि धडधाकट माणसांना एकाच डोंगरावर बरोबर नेते. वेगळी जत्रा भरवत नाही. मला ते पटतं. 2028 च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये चढाईही असणार आहे म्हणतात. असू दे. आमच्या कड्यावर पदक नाही, पण निंबाची सावली आहे आणि दुपारी भाकरी-ठेचा असतो.

गावात बातमी फुटायची ती फुटलीच. एका मंडळानं सत्कार ठरवला. शाल, नारळ, आणि एका वक्त्याचं अंधारातून प्रकाशाकडे असं काहीसं भाषण. मी नको म्हणाले. मंडळातली पोरं माझीच विद्यार्थी, ती हिरमुसली. म्हटलं, शालीच्या पैशात पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणा. वाचनालयाच्या पायऱ्या एकाच करड्या रंगाच्या आहेत. माझ्यासारख्या धुक्यातल्यांना आणि मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांना तिथं पायरी संपते कुठं ते कळत नाही.

आली पोरं, डबा आणि ब्रश घेऊन. एकानं विचारलं, "बाई, पायरीच्या तोंडावर मारू?"

"तोंडावर मारलेला चढताना दिसतो, उतरताना नाही. आणि माणसं पडतात ती उतरताना. वरच्या अंगाला, अगदी कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग."

"रुंद किती?"

"चार बोटं."

ब्रश डब्यात बुडाल्याचा आवाज आला. मग थांबला.

"कुणाची बोटं, बाई?"