मागे ठेवलेली गाणी

जांबोटीचा पाऊस पाहुण्यासारखा येत नाही. कायद्याने संरक्षण दिलेल्या कुळासारखा तो ठाण मांडून बसतो. आषाढात चोर्ल्याच्या बाजूने तो एकदा आला, की बेळगावची वाट, कोर्टाच्या तारखा आणि विजेचे दिवे ही तिन्ही परस्वाधीन होतात. गेल्या आषाढात अशाच एका सक्तीच्या मुक्कामात आमच्या भाच्याने आम्हांस एक ध्वनिसंग्रह ऐकविला.

स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे १९८३ साली काही पोरसवद्या मुलांनी 'बाथरी' नावाचा वाद्यमेळ काढला. 'क्वॉर्थन' असे टोपणनाव घेतलेला तरुण हा त्याचा सर्वेसर्वा. ह्या संगीतास 'ब्लॅक मेटल' म्हणतात. 'व्हेनम' ह्या इंग्लिश मंडळींच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेचे ते नाव पुढे साऱ्या प्रकारालाच चिकटले. विजेच्या गिटारींचा कल्लोळ, ढोलांची ऊर फुटेतो धाव आणि गळा खरवडून काढलेला आवाज. विषय बहुधा सैतानाचा! देवघरापासून दोन खणांवर हे चाललेले. तेव्हा आम्ही आधी समईकडे पाहून घेतले. १९८८ च्या सुमारास हाच क्वॉर्थन सैतानाकडून आपल्या पूर्वजांच्या जुन्या देवांकडे वळला, असे भाच्याने सांगितले, तेव्हा आमची भीड थोडी चेपली.

'ज्युबिलियम' ह्या नावाने बाथरीच्या निवडक गाण्यांचे तीन भाग निघाले : १९९२, १९९३ आणि १९९८ साली. त्यांत गाजलेल्या गाण्यांच्या जोडीला पूर्वी कधीच बाहेर न आलेली काही गाणीही आहेत, आणि आमच्या भाच्याचा जीव नेमका त्यांच्यावर. ''मामा, हीच खरी,'' तो म्हणाला. ''बाकीची जगासाठी केलेली. ही त्यानं स्वतःजवळ ठेवलेली.''

पुढे त्याने जे सांगितले त्याने आम्ही कान टवकारले. ह्या मेळाने सुरुवातीची एकदोन वर्षे सोडता लोकांपुढे वाजविलेच नाही. जग त्यांना ओळखते ते केवळ तबकड्यांवरून. आम्हांस तत्काळ केसरबाई आठवल्या. अल्लादियाखाँसाहेबांच्या ह्या शिष्येचे सारे वैभव मैफलीत. रेडिओ आणि तबकडी ह्यांविषयी त्यांना मनस्वी नावड. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत जयपूर घराण्याचा राग मावणार तरी कसा? तरीही त्यांची तेवढीशीच एक भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्णमुद्रिकेत जाऊन बसली; आणि याने सुटल्यावर काही दिवसांतच, त्याच सप्टेंबरात, बाईंनी देह ठेवला. जिला तबकडी नको होती तिचा आवाज आज सूर्यमालेच्या सीमेपार चालला आहे.

केसरबाईंचे केरी हे फोंडे महालातले. चोर्ला उतरताच लागते ते केरी सत्तरीतले. हा फरक आम्हांस लहानपणी पढविला गेला, कारण आमच्या आईचे माहेर फोंड्याच्या केरीचे. आई गात असे. देवळात सोमवारच्या भजनाला बायकांच्या घोळक्यात तिचा आवाज मिसळलेला असे. एकटीने मात्र ती क्वचितच गाई. १९८८ च्या पावसाळ्यात आमच्या वडिलांनी ह्याच माजघरात तिची चार पदे टेपवर घेतली. तिसऱ्यात तिला ठसका लागला, चौथ्यात शब्द विसरला. ऐकून ती म्हणाली, ''तें पुसून उडय.'' वडिलांनी पुसले नाही. त्यांच्यामागे आम्हीही पुसले नाही.

गेल्या वर्षी देवस्थानच्या विश्वस्तांचे पत्र आले. जुन्या भजनांचा संग्रह काढावयाचा आहे, आपल्या मातोश्रींचे ध्वनिमुद्रण असल्याचे समजते, द्यावे. कायदा आम्ही जाणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याच्या हक्काला मुळी स्थानच नव्हते; ते मिळाले १९९४ च्या दुरुस्तीने, प्रथम पंचवीस वर्षे आणि १९९९ पासून पन्नास. अशिलाला आम्ही अर्ध्या तासात सल्ला दिला असता. आईच्या बाबतीत ते पत्र आमच्या टेबलावर अकरा महिने पडून होते.

क्वॉर्थनची टाकलेली गाणी निघाली ती तो हयात असताना; तो वारला २००४ साली, अवघा अडतीस वर्षांचा. हा भेद आम्ही भाच्याला वकिली थाटात समजावून दिला. त्याने शांतपणे विचारले, ''आजीनं पुसायला सांगितलं होतं ना? मग तुम्ही ठेवलीत कशाला?''

ह्यावर उत्तर नव्हते. आम्ही उठून फडताळातून ती कॅसेट काढली. वीज नव्हती, जुन्या यंत्रात घड्या घातल्या नव्हत्या. भाच्याने विजेरीतल्या काढून घातल्या. चारही पदे झाली. ठसका आला, तो ऐकताना आम्ही खिडकीकडे पाहत होतो. चौथे पद जेथे तुटते तेथे आई हसते, हे इतक्या वर्षांत आमच्या ध्यानात राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांना उत्तर लिहिले : सोमवारच्या समूहभजनाची एक फीत घरात आहे, ती पाठवितो, आईचा आवाज त्यांत आहे. एकटीच्या पदांचा उल्लेख केला नाही. भाच्याला हे पसंत पडले नाही, आणि तो चुकतो आहे असे आम्हांस छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

चौथे पद संपल्यावर फीत आणखी थोडी चालते. आई विचारते, ''जालें?'' वडील काहीच बोलत नाहीत, आणि मग नुसता त्या वर्षीचा पाऊस ऐकू येतो.