साताऱ्यातला ऱ, सांगलीतला ल

मराठी फॉन्टची परीक्षा घ्यायला मला मोठा उतारा लागत नाही. 'साताऱ्याहून सांगलीला' एवढं पुरतं. नुसतं 'सातारा' कुठलाही फॉन्ट लिहितो. पण आपण गावाचं नाव प्रत्ययाशिवाय घेतो कुठे? प्रत्यय लागला की 'रा'चा 'ऱ्या' होतो आणि घरी केलेल्या फॉन्टची पंचाईत होते.

सांगलीतल्या माझ्या एका मित्राचे वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला आणि काम आटलं. मित्रानं त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट करायला घेतला. क ते ज्ञ कागदावर काढून घेतलं, स्कॅन केलं, सॉफ्टवेअरला दिलं. कागदावर देखणी असलेली अक्षरं स्क्रीनवर आजाऱ्यासारखी दिसू लागली. वडील बघून एवढंच म्हणाले, "हे माझं अक्षर नव्हं."

दोष त्यांच्या हाताचा नव्हता. फॉन्टमध्ये अक्षराचा फोटो नसतो, बिंदू जोडून काढलेली बाह्यरेषा असते. स्कॅनवरून ती आपोआप काढली की वीसेक बिंदूंच्या जागी दोनशे पडतात. कागदाचा खरखरीतपणाही मग अक्षराच्या अंगावर उठतो.

त्यात शिरोरेषा. अक्षर बऱ्याचदा 1000 एककांच्या चौकटीत काढतात. ते 16 पिक्सेलमध्ये बसवायचं तर एक पिक्सेल 62.5 एककांचा. म्हणजे 80 एककं जाडीची रेषा सव्वा पिक्सेलची. पण पाव पिक्सेल रंगवता येत नाही. त्यामुळे हातानं काढलेली, कमीजास्त जाडीची रेषा एका अक्षरावर एक पिक्सेल होते, शेजारी दोन, नाहीतर तिच्याखाली राखाडी डाग उरतो. लहान आकारात रेषा कुठे बसवायची याच्या सूचना फॉन्टमध्ये घालता येतात, त्याला हिंटिंग म्हणतात. शिवाय प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात किंचित घुसावी लागते. नाहीतर शब्दाच्या डोक्यावर भेगा पडतात.

हे सगळं निस्तरलं तरी 'ऱ्या' उरतो. फोनच्या लेखी तो ऱ, हलन्त, य आणि काना. ही चिन्हं एकत्र आल्यावर काय दाखवायचं, हा नियम फॉन्टमध्येच लिहावा लागतो. क ते ज्ञमध्ये ऱ नव्हताच. म्हणून फोननं तेवढा तुकडा दुसऱ्या फॉन्टमधून उसना आणला आणि ब्रशच्या जाड अक्षरांत मधेच एक बारीक छापील 'ऱ्या' उभा राहिला. मग ऱ काढला, पण नियम लिहिला नव्हता. तेव्हा ऱ पाय मोडून उभा आणि य वेगळा. साध्या र नं भागवावं तर रफार चढतो, आणि साताऱ्याच्या दऱ्यांचा दर्या होतो. कऱ्हाडकरांना हा त्रास नवा नाही.

सांगलीचा ल मोडत नाही, तो बदलतो. वडिलांचा ल दोन पाकळ्यांचा, मराठी वळणाचा. राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच प्रमाण धरलेत. पण कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा, उभ्या दांड्याचा ल आधी येतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं ॲपनं सांगितलं तरच आपला ल बाहेर येतो. नाही सांगितलं, तर सांगली हिंदी वळणाची. वाचायला अडत नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. अशीच वळणं जातात.

मित्रानं बिंदू कमी केले, शिरोरेषा एका मापाची केली. 'ऱ्या' मात्र त्यानं वडिलांकडूनच काढून घेतला. त्यांनी ऱ आणि य वेगळे काढलेच नाहीत, सगळा एका झटक्यात काढला. त्यांच्या हातात तो नियम आधीपासून होता. फॉन्टमध्ये तो लिहायला पोराला दोन आठवडे लागले.

तुमच्या गावात अजून ब्रश धरणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून नुसतं क ते ज्ञ घेऊ नका. आसपासच्या गावांची नावं लिहून घ्या, प्रत्ययांसकट.