पांढरी पेस्ट की चांदीची?

मुलांनो, तुमच्या शाळेच्या ॲम्प्लिफायरची मागची बाजू कधी नीट पाहिली आहे का? तिथे ॲल्युमिनिअमचा एक काळा, कंगव्यासारखा दातेरी तुकडा असतो. त्याला म्हणतात हीट सिंक. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये त्याच्यावर पत्र्याच्या टोप्यांसारखे दोन-चार बटबटीत ट्रान्झिस्टर स्क्रूंनी आवळलेले दिसतात. हेच पॉवर ट्रान्झिस्टर. आवाज मोठा करण्याचं खरं कष्टाचं काम त्यांचं. आणि कष्ट करणारा तापणारच! कर्ण्याकडे वीज धाडता धाडता बरीचशी वीज त्यांच्या पोटातच उष्णता होऊन बसते.

आता गंमत बघा. एवढ्या मोठ्या टोपीच्या आत खरा ट्रान्झिस्टर म्हणजे सिलिकॉनची नखाएवढीदेखील नसलेली एक चकती. २-एन-३०५५ हा या घराण्यातला फार प्रसिद्ध ट्रान्झिस्टर. त्याची चकती दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत कशीबशी तग धरते. त्यापुढे गेली की संपलं. म्हणून उष्णता चकतीतून टोपीत, टोपीतून हीट सिंकमध्ये आणि तिथून हवेत अशी भराभर निघून जायला हवी. या वाटेवर एक अगदी अरुंद खिंड लागते. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड.ला काही ट्रान्झिस्टर बदलायला शिकवत नाहीत! पण आमचे आप्पा बाजारपेठेत रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे आणि मी लहानपणी त्यांच्या टेबलाशी बसून स्क्रू निवडायची. त्यामुळे शाळेचा ॲम्प्लिफायर गेल्या वर्षी दुसऱ्यांदा जळाला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता तुम्हीच बघा. नाहीतर पंधरा ऑगस्टला पोरं घसा फोडून भाषणं करतील." हा ॲम्प्लिफायर गावाने वर्गणी काढून घेतलेला. पहिल्यांदा जळाला तेव्हा गावानेच पुन्हा पैसे दिले, आणि दुरुस्तीहून आल्यावर तो पंधरा दिवससुद्धा टिकला नाही. तिसऱ्यांदा कुणापुढे हात पसरणार? ट्रान्झिस्टरची एक नवी जोडी घेण्यापुरते पैसे शाळेकडे होते. तीही जळाली असती, तर माइक कायमचा कपाटात गेला असता.

झाकण उघडलं. ट्रान्झिस्टर काढून पाहिले, तर खाली अभ्रकाची पातळ चकती अगदी कोरडी! हीट सिंकवर जुन्या पेस्टचं वाळून खडू झालेलं एक कडं तेवढं उरलेलं. बसवणाऱ्याने नवे ट्रान्झिस्टर तसेच आवळून दिले होते.

एवढ्याशा पेस्टने असं काय होतं? आपल्या शाळेत डोंगर-दऱ्यांचा उठावाचा नकाशा असतो ना, तसे दोन नकाशे एकमेकांवर पालथे घाला. काय होईल? शिखराला शिखर टेकेल आणि दऱ्यांत पोकळी राहील. धातू डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसला, तरी जवळून पाहिलं तर तो असाच उंचसखल असतो. त्या दऱ्यांत हवा भरलेली असते, आणि हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. म्हणून तर आपण थंडीत गोधडी पांघरतो. पेस्टचं काम एवढंच, की दरीतली हवा हाकलून तिथे स्वतः जाऊन बसायचं.

मग अभ्रक तरी मध्ये कशाला? या ट्रान्झिस्टरची टोपी नुसतं झाकण नसते, तिच्यातून वीजही वाहते. ती हीट सिंकला सरळ टेकली तर शॉर्ट सर्किट! अभ्रक विजेला अडवतं आणि उष्णतेला बऱ्यापैकी जाऊ देतं. असा शहाणा रखवालदार शोधून सापडायचा नाही.

सहावी-सातवीतल्यांनी आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. कोऱ्या अभ्रकावर असा ट्रान्झिस्टर बसवला, तर दर वॉटमागे सुमारे १.३ अंश उष्णता या खिंडीत अडकते. पेस्ट लावली तर सुमारे ०.३६ अंश. ट्रान्झिस्टर ३० वॉट उष्णता टाकत असेल, तर १.३ गुणिले ३० म्हणजे ३९ अंश. आणि पेस्ट लावल्यावर? जेमतेम ११. तब्बल २८ अंशांचा फरक! उन्हात, मांडवात, तासन्‌तास चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला एवढ्यावर जीवदान मिळतं.

मी तालुक्याला पेस्ट आणायला गेले, तर दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. एक साधी पांढरी, नळीतली. दुसरी राखाडी, चकाकणारी, छोट्याशा सिरिंजमधली आणि कितीतरी महाग. "बाई, ही कॉम्प्युटरची, चांदीवाली. एकदम भारी!" तो म्हणाला.

भारी असेलही. पण आपल्या कामाला? आताच्या हिशेबात पेस्ट लावूनही जे ११ अंश उरले, त्यातला बराच वाटा अभ्रकाचा. तो कुठल्याच पेस्टने कमी होत नाही. शिवाय ट्रान्झिस्टरच्या पोटातली चकती ते टोपी ही वाट तर त्याहून बिकट, तिथे दर वॉटमागे दीड अंश. तिथेही आपलं काही चालत नाही. म्हणजे भारीतली भारी पेस्ट घेऊन वाचणार फार तर चार-पाच अंश. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं गणित निराळं, तिथे मध्ये अभ्रक नसतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे धातूची पूड असलेल्या काही पेस्टमधून वीज वाहू शकते. अशी पेस्ट अभ्रकाच्या कडेवरून ओघळली तर रखवालदाराला मागच्या दाराने चकवल्यासारखंच झालं! गॅलिअमचा पातळ धातू असलेली पेस्टही मिळते. ती तर ॲल्युमिनिअमच्या हीट सिंकला चक्क पोखरून ठिसूळ करते. तिला दुरूनच नमस्कार.

मी पांढरी घेतली. ही म्हणजे सिलिकॉनच्या तेलात कालवलेली झिंक ऑक्साइडची पूड. क्रिकेटपटू उन्हात नाकावर पांढरा पट्टा ओढतात ना, त्यातही झिंक ऑक्साइडच असतं. नळीवर दोन गोष्टी तेवढ्या पाहिल्या. वीज वाहत नाही असं लिहिलंय का, आणि दीडशे अंशांच्या वर चालते का. नळी दाबून पेस्ट मऊ आहे ना तेही पाहिलं, कारण दुकानात वर्षानुवर्षं पडून ती घट्ट झालेली असू शकते.

वर्गात हे सांगत होते, तर एक मुलगा म्हणाला, "बाई, टूथपेस्टपण पांढरीच असते की!" सगळे हसले. पण त्याचं म्हणणं हसण्यासारखं नव्हतं हं. टूथपेस्ट ओली असेपर्यंत खरंच काम करते. पण तिच्यात पाणी असतं. ते उडालं की ती वाळते, तडकते आणि दऱ्यांत पुन्हा हवा शिरते. लगेच दुसरीने विचारलं, "मग व्हॅसलीन?" ते तापलं की वितळून ओघळतं. सिलिकॉनचं तेल सहसा वाळतही नाही आणि वितळण्याचा तर प्रश्नच नाही.

बाकी काम सोपं, पण मोठ्यांनी करायचं. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते, म्हणून जाणत्या माणसाशिवाय झाकण उघडायचंच नाही. मी जुनी पेस्ट स्पिरिटच्या फडक्याने पुसली. मग अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना नवी पेस्ट अगदी पातळ ओढली, खालचा धातू अंधुक दिसेल इतकी. पोळीवर लोण्याचा गोळा ठेवतात तशी नव्हे! ही पेस्ट हवेपेक्षा पंचवीसपट बरी, पण ॲल्युमिनिअमपेक्षा शेकडो पटींनी वाईट. दरी भरून वर तिचा थर साचला, तर ती स्वतःच अडसर होते. स्क्रूंना प्लॅस्टिकचे बुश घातले, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले आणि टोपी व हीट सिंक यांच्यात वीज वाहत नाही ना, ते मल्टिमीटरने पाहिलं. मीटर गप्प राहिला, तेव्हा कुठे प्लग लावला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन, भाषणं आणि गाणी मिळून अडीच तास तो चालला. मी मधूनच मागे जाऊन हीट सिंकला तळवा लावून बघत होते. कोमट, अगदी चहाचा कप धरल्यासारखा. त्यानंतर गणपतीत गावानेही तो नेला आणि धडधाकट परत आणून दिला.

नळीतली निम्म्याहून जास्त पेस्ट अजून उरली आहे. खडूंच्या डब्याशेजारी उभी ठेवते. महिन्या-दोन महिन्यांनी तिच्यातलं तेल वर येतं, म्हणून पुन्हा वापरायच्या आधी काडीने ढवळून घ्यावी लागते.