पानाची पारख

वसई तालुक्यात निर्मळपासून आगाशीपर्यंतच्या ज्या वाड्यांतून पानवेल आणि राजेळी केळ यांची पिढ्यान्‌पिढ्या निगा राखली गेली, तेथील माणसास पान कसे पाहावे हे कोणी शिकवावे लागत नाही. देठाचा ताजेपणा आणि पानाचा कोवळेपणा तो बोटांनीच अजमावतो, आणि म्हणूनच उत्तम हिरवा चहा निवडण्याचा अधिकार, वेष्टनावरील मजकुरावर भिस्त ठेवणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा, त्याचा अधिक आहे असे माझे मत आहे.

इतिहासाचा दाखलाही त्याच्याच बाजूचा. १६६१ च्या तहाने जे मुंबई बेट पोर्तुगालच्या कॅथरिन राजकन्येच्या हुंड्यात इंग्रजांस देण्याचे ठरले, ते तोवर वसईच्याच अमलाखाली होते. या कॅथरिननेच पुढे इंग्रज दरबारी चहाची आवड वाढवली. बेटाचा ताबा मात्र पोर्तुगीज अंमलदारांनी १६६५ पर्यंत सोडला नाही!

खुडलेले पान काळवंडण्यापूर्वीच उष्णतेने थोपवले की हिरवा चहा होतो. चिनी कारागीर ते तापल्या कढईत परततात, जपानी वाफेवर धरतात. म्हणून लुंगचिंगच्या चपट्या पत्तीस भाजल्या दाण्यांचा खमंगपणा, तर सेंचास ओल्या गवताचा दरवळ. ग्योकुरो या जपानी चहाच्या झुडपांवर तर खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे आच्छादन घालतात. पानवेलीस प्रखर ऊन सोसत नाही हे जाणणाऱ्या वाडीवाल्यास यात नवल वाटू नये. आपल्याकडे कांगडा खोऱ्याचा चहा पूर्वी काबूलपर्यंत जात असे. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने तेथील मळे व कारखाने उद्ध्वस्त झाले, आणि तो व्यापार पुन्हा पूर्वीसारखा सावरला नाही.

पत्ती तळहातावर घ्यावी. चुरा कमी, अखंड पान अधिक आणि रंग तजेलदार असावा. पाण्याची खळखळ ओसरल्यावर ते पत्तीवर ओतले, की मुरडलेले पान हळूहळू उलगडून कळीसह पूर्ववत दिसू लागते आणि अर्क फिकट पिवळसर उतरतो. आधणात उकळणाऱ्याच्या पदरी मात्र निव्वळ कडवटपणा पडतो. खाऱ्या वाऱ्याच्या आमच्या तालुक्यात मृगानंतर पत्ती सादळते, तेव्हा मोठा डबा घेणे हा अपव्ययच.

वाडीतल्या गवती चहाची पात हिरव्या चहात टाकावी की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन तट आहेत. मी टाकत नाही: पातीचा वास मूळ पानाचा गंध दडपून टाकतो, आणि दुधाच्या चहात तिला उदंड वाव आहेच.